प्रतीक्षा, आणि पुढे कोरं

या, जरा जवळ सरकून बसा. दिवा मालवू नका, असू दे तसाच. आज सांगणार आहे ती गोष्ट अंधारातली नाहीच.

मध्यरात्रीची नाही. स्मशानातली नाही. ऐन दिवेलागणीची आहे, जेव्हा घरोघरी माणसं बाहेरून येऊन हातपाय धुवत असतात.

आणि खरी आहे.

देवाचं गाणं आणि निरूपण ऐकत मोठी झालेली बाई आहे मी. ज्या जिभेने त्याचं नाव घेते, त्याच जिभेने सांगते आहे. यातला एक शब्द पदरचा असेल तर ती जीभ झडो.

माझ्या मामाच्या घरी घडलं हे. आईचा धाकटा भाऊ. टेलिफोन खात्यात लाइनमन होता, जन्मभर खांबांवर चढला. निवृत्त झाल्यावर त्याला एकच नाद लागला. पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर मांडला आणि बुलेटिन बोर्ड चालवायला घेतला. त्याचं नाव ठेवलं ‘कट्टा’.

आताच्या मुलांना हे माहीत नसणार, म्हणून सांगते. इंटरनेट घरात यायच्या आधीची गोष्ट. तुम्ही आपल्या कॉम्प्युटरवरून फोन लावायचा. मामाच्या कॉम्प्युटरने तो उचलायचा. दोन्हीकडचे मोडेम, म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारे डबे, एकमेकांवर किंचाळून ओळख पटवायचे. मग पडद्यावर कट्टा उघडायचा. इतरांनी लिहिलेलं वाचा, आपलं लिहा, आणि निघा. मग दुसऱ्याने फोन लावायचा.

कारण लाइन एकच.

एकजण आत असला की बाकीच्यांना एंगेज टोन. टूं… टूं… टूं…

आणि घरचा फोन? तोही त्याच लाइनवर. वेगळी लाइन घ्यायला मामा तयार नव्हता. म्हणायचा, “आपल्याला फोन करतं कोण?”

ही एक तार तेवढी लक्षात ठेवा. सगळी गोष्ट तिच्यावरच टांगलेली आहे.

कट्ट्यावर येणारी माणसं मोजकीच. खरी नावं कुणी लावत नसे. एक दातांचे डॉक्टर होते, त्यांनी नाव घेतलं होतं ‘दाढदुखी’. एक बेकरीवाला, तो ‘भट्टी’. आणि एक घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ, त्यांना सगळे ‘घड्याळजी’ म्हणत. ते मामाशी बुद्धिबळ खेळायचे. एक चाल खेळायला एवढा वेळ घ्यायचे की भट्टी म्हणायचा, “यांची सोंगटी हलेपर्यंत माझं पीठ दोनदा आंबून होतं.”

एकटी माणसं होती सगळी. दिवसभर लोकांच्या गराड्यात, आणि घरी गेल्यावर भिंतींशी बोलणारी.

मामाने मशीनला एक जुना प्रिंटर जोडला होता. कुणी आत आलं की तो एक ओळ छापायचा. ‘प्रवेश’, आणि पुढे नाव. गेलं की दुसरी ओळ. ‘प्रस्थान’, आणि नाव. बस. दुसरं काही नाही.

टर्रर्र… टक.

असा आवाज व्हायचा. स्वयंपाकघरात मामी असली की म्हणायची, “अहो, तुमचे पाहुणे आले.” आणि दुसऱ्यांदा टर्रर्र झालं की, “गेले हो.”

ती मामी वारली.

छातीचं दुखणं होतं. इस्पितळात होती बरेच दिवस. त्यातच एका संध्याकाळी गेली. मामा तेव्हा तिथे नव्हता, जरा आंघोळ करून येतो म्हणून घरी आला होता. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर मामा खंगत गेला. माणूस जेवायचं विसरतो का हो? हा विसरायचा. मी जाता-येता डबा ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तो तसाच, झाकणसुद्धा न उघडलेला. त्याची मुलगी, माझी मामेबहीण, लांब दुसऱ्या शहरात होती. ती फोनवर चिडायची. ते खेळणं बंद करा नि माझ्याकडे या म्हणायची. आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात यांनी परत ते मशीन सुरू केलं, हे तिच्या मनाला फार लागलं होतं. मलासुद्धा लागलं होतं, खोटं कशाला बोलू.



मग वर्षभराने ते सॉफ्टवेअर कुरकुरायला लागलं. मध्येच अडकायचं, आलेल्या माणसाला बाहेर फेकायचं. ज्याने ते बनवलं होतं त्याने टपालाने नव्या आवृत्तीच्या फ्लॉप्या पाठवल्या. मी छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरजुळणीला होते, त्यामुळे घरात त्यातली जाणकार मीच. वासरात लंगडी गाय. एका रविवारी दुपारी मामाकडे बसून मी ती नवी आवृत्ती चढवली. जुने निरोप, जुनी नावं सगळं नीट आलं. दाढदुखींनी पहिला फोन लावून बघितला.

टर्रर्र… टक. ‘प्रवेश – दाढदुखी’.

झालं. मामाने माझ्या पाठीवर थाप मारली.

पण ते निघेपर्यंत प्रिंटर एकदा नाही, दोनदा वाजला.

खालची ओळ, ‘प्रस्थान – दाढदुखी’. ती ठीकच.

तिच्या वर आणखी एक. आजवर कधी न छापलेली.

‘प्रतीक्षा – भट्टी’.

आम्ही दोघं त्या ओळीकडे बघत असतानाच फोन आला आणि भट्टी आत आला. मामाने गंमत म्हणून त्याला लिहून विचारलं, आत्ता जरा वेळ बाहेर ताटकळलास का. तो म्हणाला, हो, एंगेज लागत होता, पण तुम्हाला कसं कळलं? मामाने सांगितलं, नवं मशीन सांगतं. भट्टी म्हणाला, “म्हणजे आता दाराच्या फटीतूनही बघायला लागलं म्हणा की. जपून राहिलं पाहिजे.”

सगळ्यांना फार मौज वाटली. दोन-तीन दिवस हाच विषय. कोण कुणामुळे खोळंबला ते छापील निघायचं. घड्याळजींच्या नावाने तर रोज शंख.

मामा तेवढा हसला नाही.

मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाळ, मी या तारांत जन्म काढलाय. एंगेज टोन एक्स्चेंजमध्ये वाजतो. तो फोन या घरापर्यंत येतच नाही. मग या मशीनला कळतं कसं… बाहेर कोण उभं आहे ते?”

ज्याने सॉफ्टवेअर बनवलं, त्यालाच मी लिहून विचारलं. त्याचं उत्तर आलं. नव्या आवृत्तीत नोंदींची पद्धत थोडी बदलली आहे खरी, पण अशी सोय त्यात नाही, आणि असूही शकत नाही. तुमची काहीतरी चूक होते आहे.

उत्तर वाचून मी मामाकडे पाहिलं. तो प्रिंटरचा कागद हातात धरून बसला होता. 

“हे बघ,” म्हणाला.

‘प्रतीक्षा –’

पुढे नाव नाही. कोरं.

मी म्हटलं, अडकला असेल प्रिंटर. त्याने कागद मागे ओढला. कालच्या दिवशी, तशीच ओळ. परवा, तशीच. बाजूला मामाने पेन्सिलीने वेळ टिपली होती. रोज एकदाच, आणि रोज त्याच वेळेला. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागतात ना… त्या वेळेला.

“पाहुणा असेल कुणी नवा,” मी म्हटलं. “नाव नोंदवलं नसेल.”

“मग लाइन मोकळी झाल्यावर तो आत का येत नाही?”



त्या दिवशी मामाने मला सगळं सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हता, त्या फोनकडे बघत सांगत होता.

मामी गेली त्या संध्याकाळी तो घरी आला, आंघोळ केली, आणि घरात आल्यावर माणूस जसा हात लांबवून दिवा लावतो, तसं नकळत त्याने मशीन सुरू केलं. इस्पितळाच्या दिवसांत ते बंद ठेवायचं असा त्याचा स्वतःचाच नेम होता. तरी हात गेला. घड्याळजींनी फोन लावला. कितीतरी दिवसांनी कट्टा उघडलेला बघून तेही खूश झाले. अडकून पडलेला डाव पुढे सरकला. मामा पडद्यासमोर बसला. खूप दिवसांनी दोन घटका डोक्यात दुसरं काही नव्हतं, म्हणाला.

इस्पितळात परत गेला तेव्हा पलंगावर चादर ओढलेली होती.

निघताना वॉर्डातली सिस्टर सहज बोलून गेली. बाई संध्याकाळी उठून, भिंत धरत धरत, कॉरिडॉरमधल्या फोनपर्यंत गेल्या होत्या. रिसीव्हर कानाला लावून बराच वेळ उभ्या होत्या. कुणाशी बोललेल्या मात्र दिसल्या नाहीत.

“मला कुणी सांगू शकत नाही बाळ,” मामा म्हणाला, “तिने फोन मला केला होता की आणखी कुणाला. आणि मला केला असेल… तर शेवटच्या वेळी तिला काय सांगायचं होतं.”

घास का उतरत नव्हता ते मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, मग हे मशीन परत सुरू केलंस तरी कशाला?

“बंद केलं तर लाइन मोकळी राहणार,” तो म्हणाला. “मोकळ्या फोनकडे बघत बसायचं, आणि तो वाजणार नाही. ते सोसवत नाही. एंगेज असला की निदान वाटतं… करत असेल कुणीतरी.”

घड्याळजींना त्याने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. उलट त्यांच्याशी रोज डाव मांडत होता. म्हणाला, म्हाताऱ्याच्या गळ्यात कशाला बांधू, त्याचा काय दोष.

आता तुम्हीच सांगा. त्या कोऱ्या जागेत कुणाचं नाव होतं, हे का मला वेगळं सांगायला हवं?

दुसऱ्या दिवशी मामाने कट्ट्यावर पाटी लावली, लाइनचं काम चालू आहे, दुपारनंतर फोन करू नये. मशीन बंद केलं. संध्याकाळी मी गेले तेव्हा तो फोनजवळ खुर्ची घेऊन बसला होता.

स्वच्छ धुतलेला शर्ट घातला होता. केस विंचरले होते. वर्षभरात प्रथमच.

दिवे लागायची वेळ झाली.



बाहेरून एक सायकल गेली. शेजारी कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

रस्त्यावरचे दिवे लागले…

फोन वाजला नाही.

मामाचा हात रिसीव्हरवरच होता. पूर्ण अंधार पडला तरी तो तिथेच होता. मी दिवा लावला तेव्हा त्याने हात काढला. काळ्या रिसीव्हरवर त्याच्या तळव्याचा घाम उमटला होता.

पुढच्या संध्याकाळीही तेच झालं. त्याच्या पुढच्याही. लाइन मोकळी, आणि घर असं की भिंतीवरच्या पालीचं चालणंही ऐकू यावं.

मग त्याने कट्टा पुन्हा उघडला. त्याच संध्याकाळी दाढदुखी आत आले, आणि दिवे लागताना…

टर्रर्र… टक.

‘प्रतीक्षा –’

मामाने त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, “तिला मोकळी लाइन सापडतच नाही गं. तिला ती एकच संध्याकाळ सापडते. लाइन भरलेली. रोज ती उठते, भिंत धरत तिथवर जाते, आणि रोज तिला टूं टूं ऐकू येतं.”

मी देवाचं नाव घेत होते. दुसरं करण्यासारखं काही सुचत नव्हतं. निरूपणात ऐकलेलं आठवत होतं, की देव दारात उभा राहतो, भक्ताला सवड होईपर्यंत थांबतो. पण माणसाने किती थांबायचं हो? त्यातही आजारी माणसाने?

युक्ती मामानेच काढली. लाइनमनच तो.

मशीनला जोडलेल्या तारेवरच घरचा फोन होता. कट्ट्यावर कुणी असताना मध्येच तो रिसीव्हर उचलला तर काय होतं, ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना ठाऊक आहे. कानात खरखराट. पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं. आणि दुसऱ्या क्षणी कनेक्शन तुटतं.

“तुटू दे,” मामा म्हणाला. “लाइन भरलेली असताना मला उचलायचा आहे. तू छापखान्यातून फोन लाव. आत ये नि बसून राहा. आणि काही झालं तरी तुझ्या बाजूने तू ठेवू नकोस.”

मी म्हटलं, मामा, मी इथे तुझ्याजवळ थांबते, दुसऱ्या कुणाला फोन लावायला सांगू.

“दुसऱ्या कुणाला काय सांगशील?”

तेही खरंच होतं.

छापखान्याच्या मालकांना मी सांगितलं, घरचं काम आहे, जरा थांबते. ते चांगले होते, किल्ली ठेवून गेले. यंत्रं बंद झाली. मागे उरला तो शाईचा वास आणि मी. मोडेम किंचाळला, शांत झाला. मी आत गेले.

मामा तिकडून टाइप करत होता. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. पडद्यावर त्याचे शब्द उमटत होते.

आलीस का.

आले, मी लिहिलं.

खिडकी उघडी आहे. अजून दिवे लागले नाहीत.

मी माझ्या खिडकीतून पाहिलं. समोरचा रस्ता करडा झाला होता.

मामा, भीती वाटते का?

 मग, वाटते. नुसतं टूं टूं ऐकू येईल याची.

माझ्या खिडकीबाहेर दिवा फडफडला… आणि लागला.

पडद्यावर मामाची अक्षरं आली. घाईत, चुकलेली, तरी वाचता येत होती.

प्रिंटर वाजला. बाहेर आहे. उचलतो.

आणि थांबली.

मी दात आवळून वेड्यावाकड्या अक्षरांची वाट बघत राहिले. एक तरी येईल. कनेक्शन तुटेल, मोडेम खट करेल, आणि मी धावत सुटेन.

काहीच आलं नाही.

पडदा स्वच्छ. कर्सर लुकलुकत होता. रिसीव्हर उचललेला असताना असं होऊच शकत नाही, हे मला कळत होतं.

मग कर्सर हलला.

एक घर पुढे… अजून एक… अजून एक. अक्षर कुठलंच नाही. नुसती कोरी जागा. कुणीतरी रिकामे शब्द टाइप करत असावं, तसा तो सरकत होता. ओळ संपली. खालची सुरू झाली.

थांबला.

मग पुन्हा चालू लागला, पण या वेळी वेगळ्या चालीने. अडखळत. मध्ये मध्ये थबकत. रडणारा माणूस बोलतो ना, तसा.

मग पुन्हा पहिली चाल. संथ. एकसारखी.

समजलं मला. दोन माणसं बोलत होती. मी त्यांचं बोलणं बघत होते, आणि त्यातला एक शब्दही मला दिसत नव्हता.

कोऱ्या ओळी वर सरकत गेल्या. आधी मामाचं ‘आलीस का’ वर गेलं. मग माझं ‘भीती वाटते का’. मग ‘उचलतो’. सगळं पडद्याबाहेर गेलं. एवढा मोठा पडदा, पूर्ण भरलेला… आणि पूर्ण कोरा.

एवढी एकटी मी आयुष्यात कधी पडले नव्हते. त्या दोघांमध्ये मी तिसरी होते, आणि तरी नव्हतेच.

शेवटी कर्सर थांबला. खूप वेळ थांबला. आणि खट करून कनेक्शन तुटलं.

मामाच्या घरापर्यंत कशी पोचले ते मला आठवत नाही. छापखान्याचं दार ओढलं होतं की नाही, तेही नाही. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत दिवा नव्हता. मामा खुर्चीत बसला होता, रिसीव्हर मांडीवर. मांजर घेऊन बसावं तसा.

रिसीव्हरमधून आवाज येत होता. टूं… टूं… टूं…

“मामा,” मी म्हटलं.

त्याने मान वर केली. चेहरा रडून धुऊन निघाला होता. पण त्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, “होती?”

तो हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही.

म्हणाला, “जेवलात का, विचारत होती.”



“एवढंच विचारायला केला होता फोन. मी वर्षभर काय काय मनात आणलं. घाबरली असेल, बोलवत असेल, शिव्या देत असेल… आणि ती तिथे भिंत धरून उभी राहिली, हा जेवला का नाही ते विचारायला.”

“मग तू काय सांगितलंस?”

“खोटंच बोललो,” मामा म्हणाला. “जेवलो म्हटलं. तर म्हणाली, तुमचा आवाज रिकाम्या पोटाचा येतोय.”

आणि हसला हो तो. रडता रडता हसला. मग म्हणाला, “बघ गं, डब्यात काय आहे ते. भूक लागली आहे.”

त्या संध्याकाळी माझा मामा पोटभर जेवला. मी समोर बसून वाढत होते.

त्याचे हात धुऊन होईपर्यंत मी पुढच्या खोलीत दिवा लावला आणि प्रिंटरचा कागद पाहिला. सर्वांत वर होतं माझं नाव. ‘प्रवेश – भाची’. त्याखाली ती नेहमीची ओळ. ‘प्रतीक्षा –’, पुढे कोरं.

त्याखाली…

‘प्रवेश –’

पुढे कोरं.

त्याखाली ‘प्रस्थान – भाची’.

आणि मग काही नाही. नुसता पांढरा कागद.

मामा टॉवेलला हात पुसत मागे येऊन उभा राहिला. त्यानेही वाचलं. मी म्हटलं, मामा, आत आल्याची नोंद आहे… गेल्याची नाही.

तो म्हणाला, “असू दे. तिचंच घर आहे.”

त्या दिवसानंतर ‘प्रतीक्षा’ ही ओळ प्रिंटरने पुन्हा कधी छापली नाही. भट्टी ताटकळला तरी नाही, दाढदुखी ताटकळले तरी नाही. मी सॉफ्टवेअरला हातही लावला नव्हता. नोंदी आपल्या जुन्या चालीवर गेल्या. लोकांची मौज संपली आणि ते विसरूनही गेले.

फक्त एकदा घड्याळजींनी मामाला लिहून विचारलं. आत आल्यावर वर कोपऱ्यात, सध्या आत किती माणसं आहेत ते दिसतं. मी आलो की एकाऐवजी दोन दाखवतं. तुम्ही दुसरी लाइन घेतलीत की काय?

मामाने उत्तर दिलं, तुमची चाल आहे, वेळ काढू नका.

त्यानंतर मामा काही वर्षं जगला. चांगला जगला, वेळेवर जेवला. झोपेतच गेला. मामेबहीण आली, तिने घर आवरलं, मशीन कुणाला तरी देऊन टाकलं, टेलिफोन खात्याला फोन परत केला. माणूस येऊन भिंतीतली तार कापून गेला. मी तिथे उभी होते. माझ्या डोळ्यांनी पाहिली ती कापलेली तार.

तो नंबर मला पाठ होता. काही महिन्यांनी, एका संध्याकाळी, का कुणास ठाऊक, बोटांनी तो आपोआप लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं कुणीतरी सांगेल म्हणून मी थांबले.

टूं… टूं… टूं…

मामाच्या जुन्या खात्यात चौकशी केली. त्यांनी बघून सांगितलं, बाई, तो नंबर कुणालाच दिलेला नाही. एंगेज लागणं शक्यच नाही.

पण लागतो. आजही लागतो. सकाळी लावला तरी, दुपारी लावला तरी.

मी फार वेळ धरून ठेवत नाही. दोघं बोलत असतील, मध्ये आपण कशाला. असं म्हणते आणि ठेवून देते.

पण खरं सांगू? माझंही वय झालं. घरात मीही एकटीच आहे. दिवे लागायच्या वेळी फोनजवळ गेले की मनात एक गोष्ट येते, आणि हात आखडतो.

एखाद्या संध्याकाळी तो एंगेज लागला नाही तर?

घंटा वाजली… आणि पलीकडून कुणी उचलला तर?

मी काय बोलू?

असो. उठा आता, घरी वाट बघत असतील. पण जाताना माझी एक विनवणी ऐका. तुम्हाला कधी कुठे एंगेज टोन ऐकू आला, तर चिडून रिसीव्हर आपटू नका. एका इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये एक बाई भिंत धरून उभी होती, कानाला रिसीव्हर लावून, आपला माणूस जेवला का एवढंच विचारायला. देवासमोर हात जोडाल तेव्हा, घटकाभर का होईना, माझ्या त्या मामीची आठवण ठेवा.